पगार कमी हातात पडला, तेव्हा तुम्ही काय केलंत?

रंकाळ्याकाठचा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात माझा भाचा सीएनसी ऑपरेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन चालवतो. आयटीआय करून तीन वर्षं झाली. ड्युटी बारा तासांची, दर आठवड्याला पाळी बदलते. गेल्या महिन्यात पोरगा २६ दिवस गेला आणि पगार आला २२ हाजऱ्यांचा. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "कार्डावर बावीसच दिसतात." कार्ड कुणाकडं? सुपरवायझरकडंच.

मी कागद घेऊन बसलो तर चार हाजऱ्यांपेक्षा मोठं प्रकरण निघालं. त्याचा पगार महिना १३,०००. सव्वीस दिवस, आठ तास धरले तर तासाला साडेबासष्ट रुपये. रोज चार तास जादा म्हणजे महिन्याला १०४ तास. कारखान्यात जादा कामाला दुप्पट दर हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टापासून आहे. तासाला १२५ धरले तर १०४ तासांचे होतात बरोबर १३,०००. अख्खा दुसरा पगार! पोराला मिळतात साडेसहा हजार, सिंगल रेटनं. आणि हे तीन वर्षांत ना त्याला खटकलं ना मला, कारण त्या लाईनीतल्या सगळ्या शेडमध्ये असंच चालतं.

बहीण म्हणते, "नाद करू नकोस. एका एमआयडीसीतनं दुसऱ्या एमआयडीसीत फोन जातो, पोरगं घरी बसंल." भाचा म्हणतो, पुरावा कुठाय?

म्हणून विचारतोय. नुसते सल्ले नकोत, स्वतःवर बेतलेलं लिहा. किती बुडाले, कुठं गेलात, किती परत आले आणि नोकरी राहिली का. कंपनीचं, मालकाचं नाव मात्र नको.

फेटलिंगवाला, शिरोली

मी फौंड्रीत फेटलिंगला होतो. कास्टिंग आलं की ग्राइंडर मारून साफ करायचं काम. ठेकेदाराकडं. दिवाळीच्या तोंडावर ठेकेदार दोन महिन्यांचे पैसे घेऊन गायब, फोन बंद. आम्ही १४ जण. मेन कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "आम्ही त्याला बिल दिलंय. तुमचा आमचा संबंध नाही." आम्हाला ते खरंच वाटलं. आठ दिवस ठेकेदाराच्या गावाला हेलपाटे घातले, पेट्रोल गेलं ते वेगळंच.

मग गल्लीतल्या एका जुन्या युनियनवाल्या मामांनी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा दाखवला. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं द्यायचा, आणि त्यानं तो ठेकेदाराकडनं वसूल करायचा. तुम्ही ठेकेदाराच्या मागं पळायचंच नाही. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला, खाली चौदा सह्या. सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी दोघांनाही बोलावलं. तिथं मॅनेजर म्हणतो, ही माणसं आमच्याकडं होती कशावरून? हाजरीबुक ठेकेदाराकडं, आणि तो तर पळालेला.

आमच्यातला सगळ्यात गप्प गडी तेव्हा बोलला. "साहेब, आत जाताना गेटवर मोबाईल जमा करून घेत्यात. त्या वहीत रोज सही हाय आमची."

वही मागवली. तारीख, वेळ, मोबाईल कुठला, सही. साठ दिवसांची सगळी पानं. मॅनेजर त्यानंतर फारसं बोलला नाही. तडजोडीत दीड महिन्याचा पगार मिळाला, अर्ध्याचा आम्ही सोडला. सोडायला नको होता असं आता वाटतं. पण तेव्हा घरात तेलाचा डबा तळाला गेलेला.

तांबडा-पांढरा

हॉटेलात कूक होतो. ९ हजार अडकलेले. वॉर्डातल्या नेत्याकडनं मालकाला फोन लावला. त्याच संध्याकाळी पैसे हातात. पण त्या रस्त्यावरच्या एकाही हॉटेलात पुढं काम मिळालं नाही. शिवाय नेत्याच्या प्रत्येक मोर्चाला जायला लागलं ते वेगळं. स्वस्त पडलं असं म्हणवत नाही.

लक्ष्मीपुरीची पोरगी

मी कापडाच्या दुकानात सेल्सला होतो. (होय, कोल्हापूरची पोर आहे, 'जातो-येतो'च लिहिणार. पुण्याच्या लोकांनी हसू नये.)

लग्नसराईत एका गिऱ्हाईकाच्या पोरानं गादीवर पसरलेल्या साडीवर उसाचा रस सांडला. साडी २,८०० ची. महिनाअखेरीला माझ्या पगारातनं २,८०० गेले. का, तर काउंटर माझा होता. घरी येऊन रडलो. आई म्हणाली, "रडतीस कशाला? पैसे तू भरलेस तर साडी तुझी झाली. जा, घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मालकांना म्हटलं, "काका, ती साडी पॅक करून द्या." काका बघायलाच लागले. साडी तोवर धुऊन सेलच्या ढिगात गेलेली, १,५०० चा टॅग लावून! मी टॅगसकट फोटो काढला आणि त्यांच्यासमोरच काढला. १,५०० त्याच दिवशी परत मिळाले. उरलेल्या १,३०० साठी भांडत बसलो नाही. नंतर कळलं की नुकसान तुमच्या हलगर्जीपणानं झालं असेल तरच ते कापता येतं, आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. रस मी सांडलेला नव्हता. मला कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हा माहीत असतं तर १,३०० पण सोडले नसते.

नोकरी? दिवाळीनंतर मीच सोडली.

वहीखाते

आमच्याकडं उलटा प्रकार. खासगी शाळा. पगार पूर्ण खात्यावर यायचा, अगदी वेळेवर. ८ तारखेला ऑफिसात बोलावून त्यातले ४ हजार रोख परत घ्यायचे. कागदावर सगळं चोख. बाहेर सांगायला गेलं तर पासबुकच आपल्या विरोधात बोलतं.

आम्ही तिघींनी ठरवलं. दर महिन्याला त्याच दिवशी, शाळेजवळच्याच एटीएममधनं बरोबर चार हजारच काढायचे आणि चिठ्ठी जपून ठेवायची. चिठ्ठीवरची शाई उडते म्हणून लगेच झेरॉक्स. असं सात महिने. त्यात एकदा क्लार्कबाईंनी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला, "मॅडम, तुमचे चार राहिलेत, सर विचारायलेत." तो आवाज तिघींच्या फोनमध्ये, माझ्या भावाच्या फोनमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर ठेवला. तक्रार द्यायची वेळच आली नाही. तिघींचे सात-सात महिन्यांचे मिळून ८४ हजार, संस्थेनं पुढच्या चार महिन्यांत गुपचूप परत केले. एकीला मात्र पुढच्या वर्षी नेमणुकीची ऑर्डर दिली नाही. ती मीच.

मागवाल्याचा पोरगा, इचलकरंजी

माझ्या वडिलांनी तीस वर्षं माग चालवले. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगतो, आमच्याकडं मजुरी मीटरवर असते, पण मीटरचा दर पिकावर ठरतो. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती. मजुरीचा हिशेब ५२ पिकावर मांडतात. पीक जास्त तर कापड घट्ट, माग तेवढाच फिरून मीटर कमी पडतात, म्हणून दर चढा पाहिजे.

एका शेडमध्ये बाबांना ५२ पिकाची मजुरी मिळायची. बाबा म्हणायचे, हातालाच कळतंय की हे ५२ न्हाई. त्यांनी जुन्या बाजारातनं पिक ग्लास आणली. इंचाएवढी चौकट असलेलं छोटं घडीचं भिंग असतं ते. एका शनिवारी, पगाराच्या दिवशीच, शेट बसलेले असताना ताग्यावर भिंग ठेवून सुईच्या टोकानं एकेक धागा मोजायला लागले. मोठ्यानं. बाकीचे कामगार गोळा झाले. बावन्नच्या पुढं गेले तसे शेटच म्हणाले, "बास रे, कळलं." बाबा थांबले नाहीत, साठ झाल्यावरच थांबले.

साठाला बावन्नची मजुरी म्हणजे दहा मीटरमागं दीड मीटर फुकट. पुढच्या आठवड्यापासून दर बदलला. मागचं काही मिळालं नाही. ती पिक ग्लास अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे, आई बाहेर काढू देत नाही.

हुपरीकर

चांदीकाम. वजनात तूट आली म्हणून मजुरी कापायचे, काटा त्यांचाच. काही केलं नाही. ४० हजार उचल घेतली होती बहिणीच्या लग्नाला. उचल फिटेपर्यंत तोंड उघडता येत नाही. एवढंच.

उद्यमनगरी

मी दुसऱ्या बाजूचा. लेथची सहा माणसांची शेड आहे. शिव्या देणार असाल तर द्या. मोठी कंपनी माझं बिल ९० दिवसांनी, कधी १२० दिवसांनी काढते. लहान उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, पण तो दाखवला तर पुढची ऑर्डर बंद. मागच्या दिवाळीत बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून पगार केले. उशीर होतो, मान्य. मुद्दाम कुणी बुडवत नाही.

फेटलिंगवाला, शिरोली

दादा, तुमच्या पाटल्यांबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण उशीर वेगळा आणि सव्वीसच्या बावीस करणं वेगळं. उशीर झाला तर माणूस किराणावाल्याला तोंड देऊ शकतो.

उद्यमनगरी

ते मात्र खरं. हाजरी खाल्लेली मलाही चालत नाही.

स्लिपवाला

माझं पीएफचं. स्लिपवर दर महिन्याला १,८०० कपात, म्हणजे १५ हजारांवर १२ टक्के. पोरीच्या ॲडमिशनला पैसे काढावेत म्हणून उमंग ॲप उघडलं तर अकरा महिने खात्यात शून्य. ऑनलाइन तक्रार टाकली, अकरा स्लिपा जोडल्या, मग कोल्हापूरच्या पीएफ ऑफिसला जाऊन भेटलो. तिथं कळलं की कामगाराच्या पगारातनं कापून न भरलेली रक्कम हा विश्वासघाताचा गुन्हा धरतात. कंपनीला नोटीस गेली, तीन महिन्यांत भरणा आला. कंपनीत मला कुणी काही बोललं नाही, कारण तक्रार माझी असली तरी पैसे ७० जणांचे निघाले. ज्यांनी कधी पासबुक बघितलं नाही त्यांनी आजच बघा.

जुना झेंडा

वरती ज्या मामांचा उल्लेख आला तो मी नव्हे, पण त्याच पिढीचा. वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज लिहून दिलेत, म्हणून चार गोष्टी सांगतो. आमच्या वेळी किमान वेतनाचा दावा सहा महिन्यांत आणि पगार कपातीचा बारा महिन्यांत करावा लागे. कितीतरी माणसं "पुढच्या महिन्यात बघू" ऐकत बसली आणि मुदत गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय, तिच्यात तीन वर्षांची मुदत आहे. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. बुडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते, लावतीलच असं नाही. नोकरी सोडली किंवा काढलं तरी दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा.

किमान वेतन तपासताना लोक एक चूक हमखास करतात. मूळ दर बघतात आणि विशेष भत्ता विसरतात. आपल्या राज्यात तो भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. मालक नेमका जुना भत्ता चालवत राहतो, आणि स्लिपवर ते डोळ्याला दिसत नाही.

"सर्व रक्कम मिळाली, काही येणे नाही" या कागदावर पैसे हातात पडायच्या आधी सही करू नका. मी हरलेल्या केसांत निम्म्या ह्या एका सहीनं हरलो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कसबा बावड्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला आणि कारखान्यातल्या कामगाराला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. हे कामगारांनाच माहीत नसतं.

बाकी तुमच्या भाच्याचं. पुरावा नाही असं म्हणणारा माणूस सहसा पुराव्यावरच बसलेला असतो. डबा कोण देतं त्याला?

रंकाळ्याकाठचा

झेंडेवाले काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून काल रात्री बहिणीकडं गेलो.

स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला कॅलेंडर. प्रत्येक तारखेच्या खाली दुधाचा आकडा, अर्धा, एक, दीड. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रा' किंवा 'दि'. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "रातपाळीला दोन भाकऱ्या जास्त लागतात, सकाळी गोंधळ व्हतो म्हणून लिवून ठेवते." तीन वर्षं लिहितेय. जुनी कॅलेंडरं माळ्यावर, धान्याच्या कोठीखाली अंथरलेली. गेल्या महिन्यातली अक्षरं मोजली, २६.

भाच्यानं मोबाईल काढला. मशीनचं सेटिंग झालं की पहिल्या पीसचा फोटो ग्रुपवर टाकायचा अशी त्यांच्या सुपरवायझरचीच शिस्त. २६ दिवसांचे फोटो, वेळेसकट. त्या चार दिवसांचेही आहेत, आणि एकावर सुपरवायझरनं अंगठा दाखवलाय.

सोमवारी आधी मालकांना भेटायचं ठरलंय, अर्ज खिशात ठेवून. त्यांनी सरळ केलं तर ठीक, नाहीतर तसंच पुढं कामगार आयुक्तांकडं. बहीण अजून नाखूशच आहे. मी कॅलेंडरचं पान काढायला गेलो तर हातावर चापट मारली.

"फाडू नकोस. गवळ्याचा हिशेब ऱ्हायलाय त्यावर. झेरॉक्स काढून आण."