मालाम्बो: दोऱ्यांआधी पाय बघा

एकांनी म्हटलंय की टोकाला गोळे असलेल्या दोऱ्या गरगर फिरवणं हाच मालाम्बो या नाचाचा आत्मा. मला ते पटत नाही. अर्जेंटिनाच्या पंपास कुरणांवरच्या गाउचोंचा, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांचा, हा नाच मुळात पायांचा. दोन गडी समोरासमोर; एकाने जे केलं त्याहून सरस दुसऱ्याने करून दाखवायचं.

त्या दोऱ्या म्हणजे बोलेआदोरास. धावत्या जनावराच्या पायांत फेकायचं हे हत्यार गाउचोंनी तिथल्या आदिवासींकडून घेतलं. रंगमंचावर त्याचे गोळे जमिनीवर आपटून ठेका धरतात, तेव्हा अंगावर काटा येतो हे खरंच.

पण पावलं बघा हो! टाच, चवडा, पावलाची कड, आणि एका पायाने केलेला तुकडा लगेच तस्साच दुसऱ्या पायाने. दक्षिणेकडच्या शैलीत घोड्याच्या कातड्याचे मऊ बूट, बोटं उघडी. उत्तरेकडे कडक टाचांचे बूट, त्यामुळे फळ्यांवर नुसता कडकडाट. साथीला गिटार आणि बोम्बो. हा ढोल पोकळ खोडाचा, कातड्यावरची लव तशीच ठेवलेली, म्हणून नाद खोल आणि घुमणारा.

कोर्दोबा प्रांतातल्या लाबोर्दे या लहानशा गावी १९६६ पासून याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथला विजेता पुन्हा कधी स्पर्धेत उतरत नाही. ऐन भरातला नर्तक हे जाणूनबुजून स्वीकारतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिथल्या एकल नाचांच्या चित्रफिती जरूर शोधा.