हायेदेची गाणी भजनाच्या पेटीवर कशी बसवायची?

विचारणा, वेंगुर्ले
कोजागरीच्या बैठकीत इराणी गायिका हायेदे यांच्यावर तासाभराचा कार्यक्रम करायचा आहे. साथीला दोन सुरांची पेटी आणि तबला. गाणारी ताई भजन-नाट्यगीतांत तयार आहे, पण काही गाण्यांत दुसरा स्वर पेटीवर लागतच नाही. कोमल घेतला तर उतरतो, शुद्ध घेतला तर चढतो. आधी काय ऐकावं, निवेदनात काय सांगावं आणि या स्वराचं काय करावं?

उत्तर, रत्नागिरी
निवेदनाची सुरुवात रेडिओपासून करा, कारण गळा तिथेच घडला. जन्म १९४२, तेहरान. आवाजाची तालीम अली तजवीदी यांच्याकडे. १९६८ साली तेहरान रेडिओच्या ‘गोलहा’ कार्यक्रमात ‘आज़ादे’ गायल्या. चाल तजवीदींची, शब्द रही मोअय्येरी यांचे. ‘गोलहा’ म्हणजे फुलं. दावूद पीरनिया यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत जुनं काव्य, मुक्त आलापी आणि वाद्यवृंद एकत्र येत. धाकटी बहीण महस्ती त्याच मालिकेतून त्यांच्याही आधी, १९६३ मध्ये पुढे आली होती.

सत्तरच्या दशकात हायेदे पॉपकडे वळल्या. ‘सोग़ाती’ त्याच काळातलं, संगीत मोहम्मद हैदरी. आपली ‘सौगात’ तीच, प्रवासाहून आणलेली भेट. १९७८ मध्ये देश सोडून आधी इंग्लंड, मग १९८२ पासून अमेरिका. क्रांतीनंतर इराणात त्यांचं गाणं बंद झालं. २० जानेवारी १९९० रोजी सान फ्रान्सिस्को परिसरात, कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, हृदयविकाराने गेल्या. वय अवघं ४७.

‘आज़ादे’ आणि ‘सोग़ाती’ लागोपाठ ऐकवा. पॉपच्या वाद्यमेळातही रेडिओतला गळा तसाच शाबूत आहे, हे श्रोत्यांना आपोआप कळेल. मला तरी त्यांचं मोठेपण तिथेच दिसतं.

उत्तर, कुडाळ
ताईचा कान बरोबर आहे, दोष पेटीचा. तो स्वर ‘कोरोन’, कोमल आणि शुद्ध यांच्या मधला. ‘शूर’ या दस्तगाहात (दस्तगाह म्हणजे आपल्या रागासारखी इराणी स्वररचना) सा पांढरी दोन धरला, तर रिषभ काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये येतो. मोजलं तर सा पासून साधारण १३५ सेंट (सप्तकाचे १२०० सेंट धरतात). काळी दोन १०० वर आहे, पांढरी तीन २०० वर. म्हणून पांढरी तीन ६५ ने उतरवू नका, काळी दोन ३५ ने चढवा. या मांडणीत कोमल रिषभ लागत नाही, त्यामुळे अडचण होत नाही.

रीडच्या जिभेखाली पातळ पितळी पट्टी सरकवा आणि मोकळ्या टोकाकडे बारीक कानशीने तीन-चार हलके हात द्या. टोकाचं वजन घटलं की स्वर चढतो. मुळाकडे घासलं तर उतरतो, पण तिथे रीड कमजोर होते आणि सूर उशिरा बोलतो. घासल्यावर रीड गरम असते, दोन मिनिटं थांबून मगच ट्यूनरवर बघा. तेही रीड पेटीत बसवून आणि भाता एकाच दाबाने चालवून. वरच्या सप्तकात एकेकच हात. कीस जिभेच्या फटीत अडकला तर सूर झरझरतो, ब्रशने काढा.

खर्ज (खालच्या सप्तकाची) आणि नर (मधल्या सप्तकाची), दोन्ही रीडी जुळवा. एकच केलीत तर दुसऱ्याचा खटका बंद ठेवावा लागेल, नाहीतर लाटा उठतात. स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी) असली तरी सा दुसरीकडे नेता येणार नाही, चढवलेली रीड जागेवरच राहते.

पावसाळ्यात हे काम नको. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवा कळंक धरतो, वजन वाढून सूर उतरतो आणि माप चुकतं. कळंक कोरड्या मऊ ब्रशने काढा, चिंच-लिंबू लावू नका.

विचारणा, वेंगुर्ले
पेटी मंडळाची आहे. कानस न लावता जमेल का?

उत्तर, कुडाळ
मग गाणी निवडून घ्या. ‘बयाते इस्फहान’ आणि ‘माहूर’ हे शूरसारखेच इराणी स्वरप्रकार. ‘बयाते इस्फहान’ पॉपमध्ये जवळजवळ किरवाणीसारखं वाजतं, ‘माहूर’ बिलावलाजवळ. दोन्ही पेटीवर बसतात. शूरमधलं गाणं घ्यायचंच असेल तर पेटीने फक्त सा-म धरून ठेवावा, रिषभ ताईने गळ्याने घ्यावा. पंचमही उतरताना कधी खाली झुकतो, तेव्हा तोही पेटीवर दाबून धरू नका.

उत्तर, रत्नागिरी
गळ्याचं थोडं. इराणी गाण्यातली तहरीर ही गळ्याची हरकत म्हणजे मुरकी नव्हे. मुरकीत आपण स्वर गुंफत जातो. तहरीरमध्ये मूळ स्वर धरून वरच्या स्वराला निमिषभर स्पर्श करायचा, गळा तिथे छातीच्या आवाजातून डोक्याच्या आवाजात झटकन उलटतो. आधी ‘आ’वर, अगदी सावकाश. जोर लावला की नुसता कंप होतो.

हायेदेचा आवाज बायकांमध्ये खूप खालचा. त्यामुळे पट्टी ठरवताना गाण्यातला सर्वांत खालचा स्वर आधी तपासा. वरचा बघून ठरवली तर खर्जात शब्द विरतात.

उच्चारात दोन ‘ज’ सांभाळा. ‘आज़ादे’तला ‘जरा’सारखा, ‘जान’मधला ‘जीव’सारखा. आणि ‘आवाज़’ (तालाविना मुक्त आलापी) चालू असताना तबला पूर्ण बंद, ठेका ‘तसनीफ’ (तालातलं गाणं) सुरू झाल्यावरच.