आम्ही सारे किरण

परवा विम्याच्या हप्त्याचं पत्र आलं. वर छापलेलं, ‘श्री. किरण’. मी बाई आहे. वय ६१, बँकेतून निवृत्त. अशी पत्रं जन्मभर आली आणि मी जन्मभर ती निमूट फोडून फायलीत लावली. परवा मात्र वाटलं, हे ‘श्री.’ बघून एखादी किरण चिडत असेल, एखादी हसत असेल, एखादी दुरुस्तीचा अर्ज करत असेल. मी कधीच काही केलं नाही. हे माझ्या स्वभावामुळे, की नावानेच मला गप्प राहायची सवय लावली?

म्हणून हा धागा. बोलावणं फक्त किरण नावाच्या माणसांना, बायका-पुरुष दोघांनाही. नावाचा अर्थ सांगत बसू नका, तो सगळ्यांना ठाऊक आहे. नावाने तुमचं काय केलं ते सांगा. आडनाव, गाव काही नको.

सुरुवात मीच करते. बँकेत असताना कर्जाच्या पत्रांवर माझी सही असायची. लोक पत्र घेऊन यायचे आणि मलाच म्हणायचे, “किरण साहेबांना बोलवा.” मी “बसा हं” म्हणून आत जायचे, माठातलं पाणी प्यायचे, परत येऊन खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, “बोला.” हे मी मजेसाठी करत नव्हते. ‘मीच किरण’ एवढे दोन शब्द म्हणायला मला घोटभर पाणी लागायचं. पुढे व्यवस्थापक झाले तेव्हा दारावर नावाची पाटी आली. तिच्यावर ‘श्रीमती’ लिहून घ्यायचं राहूनच गेलं.

*

किरण, गॅरेजवाला

आमच्या वर्गात तीन किरण. सरांना हजेरी घेताना वैताग यायचा, म्हणून पोरांनीच नावं पाडली. एक गोरा किरण, एक मारका किरण आणि मी रडका किरण. रडलो होतो एकदाच, सातवीत, ते पण पायाला पत्रा लागला म्हणून. पण शिक्का बसला तो बसलाच.

त्यात आला ९२ सालचा वर्ल्ड कप. सिडनीला पाकिस्तानच्या मियांदादने आपल्या विकेटकीपर किरण मोरेसमोर त्या उड्या मारल्या, आठवतंय? दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग माझ्यासमोर बेडकासारखा उड्या मारत होता. गोऱ्यासमोर नाही, मारक्यासमोर तर नाहीच नाही. म्हणजे नाव तिघांचं एक, पण उड्या कुणापुढे मारायच्या ते पोरांना बरोबर कळतं.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांमागे शाळेचं गेट-टुगेदर झालं. पंचेचाळिशीची माणसं, पोटं सुटलेली, तरी हाक आली “ए रडक्या”च. मी हसलो. रात्री जेवणं झाल्यावर मारका किरण माझ्या शेजारी येऊन बसला आणि तासभर बोलला. धंदा बुडालेला, भावाशी कोर्टकचेरी. बोलता बोलता रडला. मी त्याला विचारलं, बाकी एवढे मित्र आहेत, मलाच का सांगतोस? म्हणाला, “तुझ्यासमोर लाज नाही वाटत.”

गॅरेजमध्ये पण हेच. गाडी सोडायला आलेलं माणूस गाडीचं कमी आणि घरचं जास्त सांगतं. मी पाना फिरवत ऐकतो. शिव्या म्हणून मिळालेलं नाव माझं दुसरं काम होऊन बसलंय, आणि त्याचं बिल लावता येत नाही.

*

किरण, सध्या उत्तरेत

पुरुष. नोकरीनिमित्त नऊ वर्षं हिंदी मुलखात. इथे भाड्याच्या खोलीसाठी फोनवर सगळं ठरलं, आणि दारात मला बघून मालकीणबाई म्हणाल्या, “किरण कहाँ है? आपकी बहन?” खोली त्यांनी मुलीसाठी म्हणून ठेवली होती. खिडकीला गुलाबी पडदे सुद्धा लावून.

व्याकरणाचा घोळ आहे हा. संस्कृतात आणि मराठीत किरण पुल्लिंगी, आपण ‘आशेचा किरण’ म्हणतो. हिंदीत तो ‘उम्मीद की किरण’, म्हणजे स्त्रीलिंगी. त्यामुळे आपल्याकडे घरोघरी किरणदादा आणि किरणताई दोन्ही, आणि इथे किरण म्हटलं की समोर किरण बेदीच उभ्या राहतात.

मी मिशी ठेवली ती केवळ या कारणाने. फोनवर आवाज मुद्दाम जाड काढायला लागलो. तो आता कायमचाच जाड झालाय. आईला वाटतं, इथल्या हवेने माझा घसा बसला. तिच्याशी तरी साध्या आवाजात बोलावं, एवढं मला सुचत नाही.

पडदे अजून तेच आहेत.

*

किरण, अभियंता

मी ७२ सालची. त्याच वर्षी किरण बेदी देशातल्या पहिल्या महिला आयपीएस अधिकारी झाल्या. माझं नाव त्यांच्यावरून ठेवलेलं नाही, पण पुढे आई सगळ्यांना तसंच सांगायची आणि मीही ते खोडून काढलं नाही.

१९९४ला पदविका हातात पडल्यावर अर्ज करायला लागले. माझ्या मैत्रिणींना, म्हणजे सुनीता, वैशाली वगैरेंना, देखभाल विभागासाठी मुलाखतीला बोलावणंच यायचं नाही. मला यायचं. दोन मुलाखती झाल्यावर कारण कळलं. दार उघडून मी आत गेले की समोरच्यांचे चेहरे पडायचे. एकांनी सरळ सांगितलं, “बाई, आम्हाला वाटलं मुलगा आहे.” मग ते कारखाने अधिनियमातलं कलम ६६ दाखवायचे. १९४८चा कायदा, बायकांना कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत काम देता येणार. म्हणजे रात्रपाळी नाही, आणि रात्रपाळी नाही तर मेंटेनन्स कसला?

तिसऱ्या अर्जापासून मी ‘कुमारी’ लिहायचं बंद केलं. ठरवून. अर्जात लिंगाचा रकाना नसेल तर आपण होऊन सांगायचं नाही. पाचव्या ठिकाणी चाचणी विभागात, पहिल्या पाळीला, घेतलं. तिथेच मी सत्तावीस वर्षं काढली.

ही लबाडी होती का? वैशालीला तेव्हा तसं वाटलं होतं. ती म्हणाली, “तू मागच्या दाराने गेलीस.” मी म्हणाले, पुढचं दार कुठे उघडं होतं? आमचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. आज मला दोघींचं पटतं. दाराला माझं नाव चाललं, तिचं चाललं नाही. हुशारीत ती माझ्यापेक्षा कणभर जास्तच होती.

पण लिहायचं होतं ते हे नाही. काही वर्षांपूर्वी मीच निवड समितीत होते. यादीत एक किरण. मी शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाले, “हा पोरगा बरा दिसतोय, प्रकल्प चांगला केलाय.” दार उघडलं आणि मुलगी आत आली. माझा चेहरा नक्की कसा झाला असेल ते मला माहीत आहे, कारण तो मी समोरून पाहिलेला आहे. किरण असून माझ्याकडून हे झालं.

*

किरण, कोल्हापूर (गाव सांगू नका म्हणालात, पण सांगितल्याशिवाय गंमत कळणार नाही)

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव माहीत असेल. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. ढग असले किंवा वाटेत काही बांधकाम आलं की मधेच अडतात. तर त्या दिवसांत संध्याकाळी मित्रांचे फोन ठरलेले: “किरण, आज कुठंपर्यंत पोचलास?”

मी म्हणतो, कमरेपर्यंत.

खरंच कमरेपर्यंतच. सीएचा पहिला टप्पा झाला, शेवटचा राहिला. तबल्याच्या चार परीक्षा दिल्या, पुढच्या नाहीत. घराचा वरचा मजला सळया वर काढून तसाच. ढगांना दोष देत आलोय. बायको म्हणते, ढग नाहीत, बांधकाम आहे, आणि तेही तुझंच.

*

किरण, रेडिओग्राफर

खोलीबाहेर पाटी ‘क्ष-किरण विभाग’ आणि माझ्या खिशावर पाटी ‘किरण’. रोज कोणीतरी वाचून दाखवतंच. रॉण्टगेनला १८९५ साली ही किरणं सापडली तेव्हा ती काय आहेत ते कळेना, म्हणून त्याने गणितातल्या अज्ञातासारखं ‘एक्स’ नाव दिलं. मराठीत त्याचा ‘क्ष’ झाला. कॉलेजात मला ‘क्ष’च म्हणायचे, कारण मी कुणाला फारसं काही सांगायचे नाही.

अजूनही नाही सांगत. फिल्म बघून बहुतेक वेळा मला आधीच समजलेलं असतं. माणूस विचारतो, “ताई, काय आहे?” मी म्हणते, डॉक्टर सांगतील. नियमच आहे तो, आणि योग्य आहे. पण नियम नसता तरी मी हेच म्हणाले असते, असा मला स्वतःबद्दल संशय आहे. घरी मुलगा म्हणतो, “आई, तू कायम काचेमागे असतेस.”

*

किरण आणि किरण

आम्ही नवरा-बायको दोघेही किरण. लिहितेय ती बायको.

लग्न ठरलं तेव्हा सासरकडून निरोप आला, एका घरात दोन किरण कशा, मुलीचं नाव बदलू. तांदळात दुसरं नाव लिहिलं गेलं. ते त्या ताटातच राहिलं, मला कुणी त्या नावाने हाक मारली नाही. मग कुरिअरवाला विचारतो, “किरण कोण?” आम्ही दोघं पुढे येतो. मतदार यादीत दोनदा एकीलाच वगळलं, दुबार नोंद समजून. अर्थात मला.

गंमत म्हणजे घरात हे नाव ऐकूच येत नाही. ते मला “अगं” म्हणतात, मी त्यांना “अहो”. सासूबाई गेल्या तेव्हापासून ‘किरण’ अशी हाक आमच्या घरात कोणी मारलेली नाही. त्या मारायच्या तेव्हा आम्ही दोघं एकदम “ओ” द्यायचो आणि त्या म्हणायच्या, “तू नव्हे, ती.” त्या ‘ती’त मला बरं वाटायचं.

*

किरण, मोटार ट्रेनिंग स्कूल

वडील हवाई दलात तंत्रज्ञ होते. आमच्या घरी किरण म्हणजे उजेड नव्हे, विमान. एचजेटी-१६ किरण, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं, पहिलं उड्डाण १९६४. शिकाऊ वैमानिकांसाठीचं जेट. हवाई दलाचं कसरती करणारं सूर्यकिरण पथक १९९६ला निघालं ते याच विमानांवर, २०११पर्यंत. आता ते हॉक विमानं उडवतात. वडिलांना हे अजून मान्य नाही.

मुलगा वैमानिक होणार असं त्यांच्या मनात होतं. मला दुसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्याशी उभं राहवत नाही. एकदाही परीक्षेला बसलो नाही. सांगण्याचा धीर नव्हता, म्हणून फॉर्म भरायची तारीख दरवर्षी ‘विसरायचो’. बाविसाव्या वर्षी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि आठ दिवस माझ्याशी अक्षर बोलले नाहीत.

नंतर मी गाडी शिकवायला लागलो. एकदा ते माझ्या गाडीत मागे बसले होते. पुढे एक शिकाऊ बाई, शेजारी मी, माझ्या पायाशी दुसरा ब्रेक. बाईंनी चौकात गाडी बंद पाडली, मागून भोंगे सुरू झाले. मी काही बोललो नाही. ब्रेकवर पाय ठेवून थांबलो. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. घरी आल्यावर वडील म्हणाले, “आमच्या किरणमध्ये पण शिकवणारा शेजारीच बसतो. पुढेमागे नाही.” एवढंच म्हणून ते पेपर वाचायला लागले.

सांगायला हरकत नाही, त्या दिवशी मी गाडी धुतली आणि बराच वेळ धूतच राहिलो.

*

किरण

पुरुष, ४८. माझ्या आधी एक भाऊ होता, प्रकाश. चार वर्षांचा होऊन गेला. त्यानंतर दीड वर्षाने मी. नाव का ठेवलं ते कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

सगळे म्हणतात, किरण फार गुणी. उलट बोललो नाही, उशिरा घरी आलो नाही, झाडावर चढलो नाही. लोकांना तो स्वभाव वाटतो. मला ठाऊक आहे, ती भीती होती. मला काही झालं तर या घरात तिसरं नाव शिल्लक नव्हतं.

आई गेल्या वर्षी गेली. शेवटच्या दिवसांत ती मला प्रकाश म्हणत होती. मी ओ देत होतो. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

*

किरण, गॅरेजवाला

दादा, मी तो रडका. मारक्याचं सांगितलं ना, तसं. कधीही बोला. पाना चालू असतो, पण कान मोकळे असतात.

*

किरण, कॉलेज, दुसरं वर्ष

मी मुलगी. शाळेत नाही, कॉलेजात नाही, मला आजवर दुसरी किरण भेटलीच नव्हती. आजोबांनी हट्टाने ठेवलेलं नाव, मला ते जुनाट वाटायचं. वर्गात हजेरीला ‘किरण’ म्हटलं की सर मुलांच्या बाकांकडे बघतात. मी मुलींकडून “हजर” ओरडते, तर अर्धा वर्ग हसतो. बँकेतल्या ताई, मला पाणी लागत नाही, पण ओरडावं मात्र लागतं. हळू आवाजात म्हणता यायला हवं आता.

अभियंता ताई, वैशालीताईंशी बोलणं परत कसं सुरू झालं ते लिहाल का? मला त्याची गरज आहे.

आणि ट्रेनिंग स्कूलवाले काका, सोमवारपासून मी गाडी शिकायला जातेय. काही सांगाल का?

*

किरण, मोटार ट्रेनिंग स्कूल

सॅंडल नको, बूट घालून जा. क्लच हळू सोड. गाडी बंद पडेल, पडू दे.