वीस वर्षं सुतारकाम, आता लेथ शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

सागवान_सांगली
नमस्कार मंडळी, विश्रामबागला राहतो, वीसेक वर्षं सुतारकाम करतोय. रंध्याचा पितळी स्क्रू, मार्किंग गेजची चावी असल्या गोष्टी टर्नरकडं (लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनवर, काम करणारा) न देता स्वतः कराव्यात असं फार दिवस मनात आहे, धंदा म्हणून नाही, आवड म्हणून. कुपवाड एमआयडीसीत एक जुना साडेचार फुटी लेथ विकायचाय असं कळलंय, घरी मात्र सिंगल फेज, म्हणजे साधी घरगुती लाईन आहे. परवा ओळखीच्यांच्या लेथवर पितळेचा तुकडा लावून बघितला तर टूल थरथरायला लागलं, मग एकदम आत ओढलं गेलं आणि तो तुकडा वाकडा झाला. लाकूड कातताना माझा हात असा कधी सुटत नाही. चुकतंय कुठं?

फिटर_मिरज
हात नाही हो चुकत, तिथं हाताचं कामच नाही. लाकडाला पटाशी रेस्टवर टेकवून तुम्ही हातानं सांभाळता, इथं टूल पोस्टात (टूल धरायच्या ठोकळ्यात) आवळलेलं असतं, सगळं कडकपणावर चालतं. टूल पोस्टाबाहेर कमीत कमी काढा, टोक बरोबर सेंटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्याच्या मध्याच्या उंचीला ठेवा. आणि बहुतेक ते टूल स्टीलसाठी घासलेलं असणार, पितळेला वरचा उतार शून्य लागतो, नाहीतर ते टूलला आत खेचतंच. स्पीडचंही तसंच, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलनं माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड, मिनिटाला २५ ते ३० मीटर, म्हणजे २५ मिमीच्या बारला साधारण ३५० आरपीएम (मिनिटाला फेरे). लाकडाच्या सवयीनं हजारावर नेलं की टूलचं टोक जळालं. पितळ याच्या दुप्पट चालतं.
पण माझं ऐकाल तर लेथ आधी घेऊच नका. माइल्ड स्टीलची ५० बाय ५० मिमीची पट्टी घ्या, व्हाइसमध्ये धरा आणि कानशीनं चारी कडा काटकोनात आणा, गुण्याखालून उजेड दिसायचा बंद होईपर्यंत. आयटीआयला फिटरची सुरुवात यानंच होते, लोखंड किती हट्टी असतं ते तिथंच कळतं.

कॅरेज_कुपवाड
कानस मान्य, पण चांगला लेथ समोर आलाय तर महिनाभर थांबू नका. बेड, म्हणजे लेथचा खालचा लांब पाया, नक्की तपासा, चकजवळ (तुकडा पकडून फिरवणारा भाग) बेड जास्त झिजतो कारण रोजचं काम तिथंच होतं. तिथं कॅरेजचं (बेडवर टूल घेऊन सरकणारा भाग) लॉक थोडं आवळा आणि कॅरेज टेलस्टॉककडं, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराकडं, फिरवत न्या, मध्येच जाम झालं तर झीज आहे समजा. सिंगल फेजचं टेन्शन नको, १ एचपीची सिंगल फेज मोटर बसते. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा, पलूस भागात रिटायर्ड टर्नर भेटतील, एखाद्याला बरोबर न्या, त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं.

बाभूळ_सातारा
एक कळकळीनं सांगतो, लेथ सुताराच्या खोलीत ठेवू नका. ग्राइंडरची ठिणगी भुशात पडली तर तास-दोन तास नुसती धुमसत राहते, तोवर तुम्ही कुलूप लावून घरी गेलेले असता. आणि लोखंडाचा कीस लाकडावर पडला, त्याला ओल लागली की काळे डाग. माझी बाभळीची अख्खी फळी अशीच गेली, टॅनिन लोखंडाला धरतं, रंधा मारूनही डाग निघाला नाही. हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही, चिप्स (कातताना निघणारा कीस) हुकनं काढायच्या, चकची चावी हातातून सुटायच्या आधी चकातून निघाली पाहिजे.

सागवान_सांगली
लेथसाठी मागचं पत्र्याचं शेड रिकामं करतो मग. रविवारी कुपवाडला जाऊन कॅरेज आवळून बघतो. तोवर कानस सुरू करतो, पट्टी ६ मिमी जाडीची घेऊ की १०?

फिटर_मिरज
१० घ्या. ६ च्या कडेवर नवीन माणसाची कानस डुलते.