पाऊस मागणं फक्त महादेवाकडेच नसतं

एकाने लिहिलंय की पावसासाठी देवाला साकडं घालणं, पिंड पाण्यात बुडवून ठेवणं, धोंडी काढणं (अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून घरोघरी पाणी मागत फिरणं) हे सगळं हिंदू शेतकऱ्यांचंच. मला नाही पटत. नागपुरात राहून तर नाहीच नाही.

आमच्याकडे बौद्ध घरांत गृहप्रवेशाला परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठी पाली सुत्तांचं पठण, होतो. पाण्याने भरलेल्या कलशाला पांढरा दोरा गुंडाळतात, तोच दोरा बसलेल्या प्रत्येकाच्या हातातून फिरवतात. पाठ संपला की भन्तेजी (बौद्ध भिक्खू) पिंपळाच्या डहाळीने ते पाणी सगळ्यांवर शिंपडतात. त्या पाठात रतन सुत्त असतं, आणि त्याची अट्ठकथेतली (जुन्या पाली टीकाग्रंथातली) गोष्ट दुष्काळाचीच आहे. वैशालीत पाऊस नाही, उपासमार, वर रोगराई. तिथल्या राज्यकर्त्या लिच्छवींनी बुद्धांना बोलावलं, ते येताच धो धो पाऊस पडला. मग बुद्धांचे शिष्य आनंद यांनी बुद्धांच्या भिक्षापात्रातलं पाणी शिंपडत शहरभर हे सुत्त म्हटलं. पाऊस खरंच तसा पडला का हा वाद वेगळा, आणि धर्मांतरावेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली मंडळी तो घालतातही!

मुसलमानांत नमाज-ए-इस्तिस्का, म्हणजे पावसासाठीची नमाज, असते. मोकळ्या मैदानात, साध्या कपड्यांत. इमाम अंगावरची चादर उलटी करून घेतात, हाल पालटावेत म्हणून.

रामटेकशी जोडलेलं कालिदासाचं मेघदूत इथे आणू नका बुवा. त्यातला यक्ष ढगाकडे निरोप देतो, पाऊस मागत नाही.

धोंडी पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का? तिकडे तलाव भरपूर, म्हणून विचारतोय.