मदत हवी आहे: परदेशी सॉफ्टवेअर व्हेंडरशी नवा करार करताना कोणत्या अटी घालाव्यात?

नमस्कार मंडळी,

आमची कंपनी छोटी, स्वतःची डेव्हलपमेंट टीम नाही. मुख्य सॉफ्टवेअर दुसऱ्या देशातली एक व्हेंडर कंपनी बनवते आणि सांभाळते. करार टाइम अँड मटेरियलचा, म्हणजे जेवढे तास तेवढं बिल. सुरुवातीला काम झकास चाललं. मग त्यांचा टेक लीड दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला, आणि हे आम्हाला कळलं नवा माणूस कॉलवर आल्यावर! पाठोपाठ आणखी अनुभवी लोक हलवले. आता नवी मुलं आमचा कोड समजून घेतायत आणि त्या शिकण्याचे तासही आमच्याच बिलात. स्टेटस रिपोर्टमध्ये मात्र सगळं हिरवंगार.

संबंध तोडायचे नाहीत. कराराची मुदत संपत आलीय, म्हणून विचारतोय.

आमचे साहेब फिक्स्ड प्राइसवर अडून बसलेत. मला धास्ती आहे की मग बारीकसारीक बदलालाही चेंज रिक्वेस्ट, म्हणजे जादा पैशांची वेगळी मागणी, येईल. शिवाय गिट रिपॉझिटरी, म्हणजे सगळा कोड जिथे साठवलेला असतो ती जागा, त्यांच्या खात्यावर आहे. ती मागितली तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का? आणि वाद झालाच तर? वकील लवादाचं कलम घाला म्हणतात, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे परदेशी लवादाचा निवाडा राबवणं कोर्टाच्या निकालापेक्षा सहसा सोपं जातं. पण तिथवर जायची वेळच येऊ नये असं काय करता येईल?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं व्हेंडरच्या बाजूने काम केलंय. रिपॉझिटरी बिनदिक्कत मागा, सोबत क्लाउड आणि डोमेनची खातीही. कुठल्याही धड व्हेंडरला त्याचा राग येत नाही. येत असेल तर तेच उत्तर समजा. पैसे दिले म्हणजे कोड आपला असंही नसतं. बऱ्याच देशांत लेखी हस्तांतरण नसेल तर कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो.

माणसं बदलायची नाहीत अशी अट टिकत नाही, लोक राजीनामे देतातच. त्यापेक्षा मोजक्या महत्त्वाच्या लोकांची नावं करारात घाला. ते बदलले तर आगाऊ सूचना हवी, आणि जुना-नवा काही आठवडे एकत्र काम करतील, नव्याचं बिल तेवढे दिवस लागणार नाही, असं लिहून घ्या.

आता आतली गोष्ट. वर्क ऑर्डर महिन्या-महिन्याची असेल तर आम्ही चांगली माणसं तुमच्यासाठी राखून ठेवत नाही, ती बेंचवर, म्हणजे बिनकामाची, बसली तर खर्च आमचा. सहा महिन्यांच्या कामाची हमी द्या, टीम आपोआप टिकते. फिक्स्ड प्राइस फक्त नीट ठरलेल्या तुकड्यांना. बाकी तासांवर, पण महिन्याची कमाल मर्यादा घालून. रिपोर्ट कमी वाचा, दर पंधरवड्याला तुमच्या सर्व्हरवर चालणारा डेमो मागा.

धागाकर्ता

आभार! हमीचा मुद्दा साहेबांना पटेल असं वाटतं. पण मधेच आमचं काम आटलं तर? अशा करारात टीम कमी करायला किती आधी नोटीस ठेवतात?