१९७४ ची ‘पुढे चाल’: माघार घ्यायचीच होती, तर सोडतीआधी का नाही?

बेसलाइन (धागाकर्ता)

टेनिसमधल्या देशांच्या सांघिक स्पर्धेच्या, म्हणजे डेव्हिस चषकाच्या, अंतिम फेरीत भारत तीनदा पोचला. १९६६ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाकडून पाच सामन्यांच्या लढतीत १-४ हरलो, १९८७ साली गोथेनबर्गला स्वीडनकडून ०-५. मधल्या १९७४ च्या रकान्यात मात्र गुणच नाहीत. ‘दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल’, एवढंच. १९०० सालापासून चालत आलेल्या या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने अंतिम लढतीतून माघार घेतल्यामुळे चषक मिळाल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

तिथल्या वर्णभेदी राजवटीच्या संघाशी भारताने खेळू नये, याबद्दल माझा वाद नाही. माझा आक्षेप वेळेवर आहे.

दक्षिण आफ्रिकेला १९७० मध्ये स्पर्धेबाहेर काढलं होतं आणि नंतर अमेरिका गटातून परत घेतलं (तेव्हा संघ भौगोलिक विभागांत वाटलेले असत). १९७४ च्या सोडतीत, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांत, तो संघ पहिल्या दिवसापासून होता. भारताचं धोरणही नवं नव्हतं, आपण त्या देशाशी व्यापार १९४६ सालीच तोडला होता. म्हणजे अंतिम फेरीत गाठ पडली तर काय होणार, हे दिल्लीत बसलेल्या कुणालाही जानेवारीत सांगता आलं असतं. खेळाडूंना मात्र वर्षभर खेळवलं. कोलकात्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धची पूर्व विभागाची अंतिम लढत ३-२ अशी जिंकायला एकूण ३२७ गेम लागले. तेव्हा डेव्हिस चषकात टायब्रेकर नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट संपायचा नाही. विजय आणि आनंद अमृतराज यांनी ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर-डिब्ली जोडीला १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४ असं हरवलं. एका दुहेरीत ९९ गेम! मग पुण्यात उपांत्य लढतीत सोव्हिएत संघावर ३-१. आणि त्यानंतर कळतं की पुढे खेळायचंच नाही.

म्हणून माझा प्रस्ताव: ज्या देशाशी खेळणार नाही त्याचं नाव प्रत्येक संघटनेने सोडतीआधी लेखी द्यावं. नंतर नकार दिला तर दंड आणि पुढच्या वर्षी बंदी. पण समोरच्याला फुकट चषक नको. हरलेल्या उपांत्य संघाला बदली म्हणून बोलवावं.

नेटकॉर्ड

पहिला अडथळा तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. १९७४ ला पुण्यात हरलेला उपांत्य संघ कोणता? सोव्हिएत संघ. तो दक्षिण आफ्रिकेशी खेळला असता? १९६९ मध्ये पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या दोघांनीही त्यांच्याशी खेळायला नकार दिला होता. सोव्हिएतांनी तर १९७६ ला चिलीशीही उपांत्य लढत खेळली नाही. बदली संघ आणून प्रश्न फक्त एक घर पुढे सरकतो.

आता वेळेचं. दक्षिण आफ्रिका अमेरिका गटात, भारत पूर्व विभागात. दोघांची गाठ अंतिम फेरीखेरीज कुठेच पडू शकत नव्हती, आणि भारत त्याआधी अंतिम फेरीत एकदाच पोचलेला. जानेवारीत ‘यांच्याशी खेळणार नाही’ असं लिहून दिलं असतं तर आयोजकांनी काय केलं असतं? नाव वगळलं असतं आपलं, त्यांचं नाही. पूर्व विभागाच्या पहिल्या फेरीतली अनुपस्थिती वर्तमानपत्रात दोन ओळींत संपते. अंतिम फेरीतल्या नकाराने त्या वर्षाचा चषक कायमचा डागाळला. दक्षिण आफ्रिकेच्या नावावर एकच डेव्हिस चषक आहे आणि तो न खेळता मिळालेला आहे. हे आजही प्रत्येक यादीत दिसतं. एवढा परिणाम जानेवारीतल्या पत्राने झाला नसता.

खेळाडूंवर अन्याय झाला, हे पूर्ण मान्य. त्यांना आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. पण ती संघटनेची चूक, निर्णयाची नव्हे.

सेकंड सर्व्ह

दोघांशीही असहमत. न खेळण्याने समोरचा जिंकतो, हे साधं गणित दोघेही बाजूला ठेवताय. १९७४ ला चषक प्रिटोरियाच्या सरकारला मिळाला. त्यांनी तो नाकारला नाही.

चिलीच्या प्रकरणात दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात. तिथे लष्करशहा पिनोशेने १९७३ मध्ये सत्ता बळकावली. सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर राजकीय कैदी डांबले गेले. १९७६ ला सोव्हिएत संघाने माघार घेतली आणि चिली न खेळता अंतिम फेरीत पोचली. म्हणजे नकारामुळे पिनोशेला घरच्या मैदानावर अंतिम लढत भरवायची संधीच मिळाली. मग प्रश्न इटलीपुढे आला. तिथे मोर्चे निघाले, संघ जाऊ नये म्हणून जोरदार दबाव होता. इटली तरीही गेली, त्याच राष्ट्रीय स्टेडियमच्या आवारात खेळली आणि ४-१ जिंकली. दुहेरीत पानात्ता आणि बेर्तोलुच्ची लाल शर्ट घालून उतरले. पिनोशेच्या डाव्या विरोधकांचा तो रंग कशासाठी, हे स्टँडमध्ये बसलेल्यांना सांगावं लागलं नसणार. इटलीला पुढचा चषक थेट २०२३ ला मिळाला, म्हणजे खेळाच्या हिशेबानेही तो दौरा वाया गेला असता तर नुकसान केवढं होतं बघा.

भारतानेही खेळून हरवायला हवं होतं. हवं तर त्रयस्थ देशात.

नेटकॉर्ड

इटलीचा आणि आपला प्रसंग एक नाही. चिलीच्या संघाची निवड वंशावर होत नव्हती. राजवट वाईट होती, संघ चिलीचाच होता. दक्षिण आफ्रिकेत वगळणं संघाच्या निवडीतच होतं. तिथल्या भारतीय वंशाच्या किंवा कृष्णवर्णीय खेळाडूला गोऱ्यांच्या संघटनेतून वर यायला वाटच नव्हती. अमेरिकेच्या आर्थर अॅशसारख्या कृष्णवर्णीय खेळाडूला तिथे जायला व्हिसा नाकारला गेला. त्रयस्थ देशात सामना नेल्याने प्रेक्षक बदलतात, जाळीपलीकडचा संघ बदलत नाही.

शिवाय ‘खेळून हरवायचं’ हे गृहीत कसं धरता? समोर हेविट आणि मॅकमिलन होते. ही जोडी १९६७ आणि १९७२ ला विम्बल्डनची दुहेरी जिंकलेली, १९७८ ला पुन्हा जिंकली. पाच सामन्यांच्या लढतीत दुसऱ्या दिवशीची दुहेरी गेली की चारपैकी तीन एकेरी जिंकाव्या लागतात. आणि कोलकात्याला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघात न्यूकोम्ब आणि रोजवॉल हे त्यांचे बडे खेळाडू नव्हते, हेही लक्षात ठेवा. आपला संघ चांगला होता, चषक मात्र खिशात नव्हता.

हिरवळ

त्रयस्थ ठिकाण म्हणजे जणू फुकटचा उपाय, अशा सुरात बोललं जातंय म्हणून नियम कसा चालतो ते सांगतो.

दोन देशांची मागची लढत जिथे झाली, त्याच्या उलट ठिकाणी पुढची. १९७० नंतर गाठच पडली नसेल तर चिठ्ठी टाकतात. यजमानाला शहर आणि कोर्टाचा पृष्ठभाग निवडता येतो. हा हक्क छोटा नाही. मोठा सर्व्ह असलेला पण मातीवर चाचपडणारा संघ आला की लाल माती, बेसलाइनवरचे, म्हणजे मागच्या रेषेवरून खेळणारे खेळाडू आले की हिरवळ. मानांकनातला शंभर-दीडशे जागांचा फरक त्यात भरून निघू शकतो. तिकीट आणि स्थानिक प्रायोजक हे वेगळंच. लढत हलवली की हे सगळं यजमानाच्या हातून जातं.

भारत-पाकिस्तानचं बघा. २००६ ची लढत मुंबईत झाली, आपण ३-२ जिंकलो. त्यामुळे पुढची पाकिस्तानात. ती सप्टेंबर २०१९ ला इस्लामाबादला हिरवळीवर ठरली होती. ऑगस्टमध्ये काश्मीरच्या निर्णयानंतर संबंध बिघडले, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने सुरक्षेच्या कारणाने लढत आधी पुढे ढकलली आणि मग कझाकस्तानात नूर-सुलतानला नेली. पाकिस्तानचं अपील फेटाळलं गेलं. निषेध म्हणून ऐसाम-उल-हक कुरेशी आणि अकील खान खेळलेच नाहीत. पाकिस्तानने कोवळी मुलं उतरवली. नोव्हेंबरच्या अखेरीस, बंद हॉलमधल्या हार्ड कोर्टवर रामकुमार रामनाथनने ६-०, ६-० आणि सुमित नागलने ६-०, ६-२ असे सामने जिंकले. लिअँडर पेसने दुहेरीतला ४४ वा विजय मिळवून स्वतःचाच विक्रम पुढे नेला. आपण ४-० जिंकलो. पण ज्या लढतीत यजमानाचे दोन्ही मुख्य खेळाडू नाहीत आणि मैदानही त्यांचं नाही, तिला लढत म्हणायला जीभ रेटत नाही.

ठिकाण त्रयस्थ होतं म्हणून त्या लढतीने यजमानपदाची पाळी संपली नाही. फेब्रुवारी २०२४ ला हक्क पुन्हा पाकिस्तानचाच राहिला. आपल्या संघटनेने ठिकाण बदलण्यासाठी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. न गेल्यास पाकिस्तानला पुढे चाल, आपल्याला दंड आणि खालच्या गटात घसरण, हे समोर होतं. हाँगकाँगने २०१७ मध्ये पाकिस्तानात जायला नकार दिला तेव्हा त्यांना लढत गमवावी लागली होती. शेवटी संघ गेला, १९६४ च्या लाहोरनंतर साठ वर्षांनी. नागल आणि शशिकुमार मुकुंद नव्हते. समोर चाळिशी ओलांडलेले कुरेशी आणि अकील, दोघेही हिरवळीवर पक्के. आपण सर्व्हवर जगणारा रामकुमार आणि दुहेरीतला श्रीराम बालाजी यांना एकेरीत उतरवलं. रामकुमार पहिला सेट टायब्रेकमध्ये हरला, दुसरा टायब्रेकमध्येच जिंकला आणि तिसरा ६-० घेतला. पुन्हा ४-०, पण या ४-० ला वजन आहे.

बेसलाइन (धागाकर्ता)

हिरवळ, तुमची २०१९ आणि २०२४ ची तुलना पटली. बदली संघाचा माझा मुद्दा मागे घेतो, नेटकॉर्ड यांनी तो नीट खोडलाय.

पण एक प्रश्न उरतो. १९८७ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत इस्रायलशी गाठ पडली, तीही दिल्लीत. तेव्हा पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते. भारताने १९५० ला इस्रायलला मान्यता दिली होती, १९५३ पासून मुंबईत त्यांची वकिलात होती, पण दूतावास १९९२ नंतरचे. तरीही राजीव गांधी सरकारने संघाला येऊ दिलं, आपण ४-० जिंकलो, मग सिडनीला ऑस्ट्रेलियाला ३-२ हरवून अंतिम फेरी गाठली. तेव्हाही नकार दिला असता तर ते वर्ष उपांत्यपूर्व फेरीतच संपलं असतं. तेरा वर्षांत एकाच देशाने दोन उलटे निर्णय घेतले. म्हणून म्हणतो, हे त्या त्या वेळच्या सरकारवर सोडू नका. आधी जाहीर करा.

नेटकॉर्ड

यात विसंगती नाही. १९७४ ला नकार निवडीतल्या वर्णभेदाला होता. १९८७ ला प्रश्न परराष्ट्र संबंधांचा होता. संबंध नसणं हे न खेळण्याचं कारण असू नये. तसं मानलं तर निम्मी सोडत कोसळेल.

आधी जाहीर करायचं असेल तर ते आयोजकाने करावं, खेळणाऱ्या देशाने नव्हे. २०२२ चा नमुना घ्या. रशिया २०२१ चा विजेता होता. युक्रेनवर हल्ल्यानंतर मार्चमध्ये महासंघाने रशिया आणि बेलारूसला सांघिक स्पर्धांतून बाहेर काढलं. कुणालाही सामना सोडून द्यावा लागला नाही. रशियाची जागा सर्बियाला गेली, सर्बियाचं वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश) कॅनडाला. कॅनडा पात्रता फेरीत नेदरलँड्सकडून हरलेला होता, तरी नोव्हेंबरमध्ये मलागाला ऑस्ट्रेलियाला २-० हरवून चषक घेऊन गेला. रशियन खेळाडू टूरवर देशाच्या नावाशिवाय खेळत राहिले. १९७० ला दक्षिण आफ्रिकेला काढलं तसंच काढून ठेवलं असतं, तर १९७४ चा प्रश्न आलाच नसता. १९७८ नंतर अखेर ते बाहेर गेले आणि १९९२ मध्येच परतले.

सेकंड सर्व्ह

आयोजक म्हणजे कोण, हेही सांगा. महासंघात सगळ्या देशांची मतं सारखी नाहीत. चार ग्रँड स्लॅमच्या देशांना प्रत्येकी बारा, छोट्या संघटनांना अगदी थोडी. २०१८ ला ऑर्लँडोमध्ये घर-पाहुणा पद्धतीची मुख्य फेरी मोडून एका शहरातली स्पर्धा आणायचा प्रस्ताव दोन तृतीयांशाची अट ओलांडून ७१ टक्क्यांवर मंजूर झाला. त्यासाठीचा २५ वर्षांचा तीन अब्ज डॉलरचा करार जानेवारी २०२३ मध्येच संपला. अशा सभेच्या हातात ‘कोणता देश बाहेर’ हा निर्णय देणार?

आणि त्यांचं मोजमापही एक नाही. ट्युनिशियाच्या संघटनेने २०१३ मध्ये मालेक जझिरीला ताश्कंदमधल्या स्पर्धेत इस्रायली खेळाडूशी न खेळण्याचा आदेश दिला, तर ट्युनिशियाला २०१४ च्या डेव्हिस चषकातून निलंबित केलं. ते योग्यच होतं. पण माल्मोला २००९ मध्ये स्वीडन-इस्रायल लढत सुरक्षेच्या कारणाने रिकाम्या हॉलमध्ये झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये हॅलिफॅक्सला कॅनडा-इस्रायल तशीच. माल्मोत तर यजमान स्वीडन २-३ हरला. घरचा आवाज नसलेलं घरचं मैदान. त्याहून आधी, १९६८ ला बोस्टाडला निदर्शनांमुळे स्वीडनची ऱ्होडेशियाशी (गोऱ्या अल्पसंख्याकांची सत्ता असलेलं, आजचं झिम्बाब्वे) लढत फ्रान्समधल्या बांदोलला न्यावी लागली होती. खेळवायचं पण कुणाला बघू द्यायचं नाही, हा तिसरा मार्ग दोन्ही बाजूंना न्याय देत नाही.

हिरवळ

रिकाम्या हॉलबद्दल सहमत. पण मतांची विभागणी वाईट आहे म्हणून निर्णय देशांवर सोडला, तर पुन्हा १९७४ च.

करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. बंदीचे निकष स्पर्धेच्या नियमावलीत लिहा: निवडीत वंश, धर्म यांवरून वगळणं हा एक, दुसऱ्या सहभागी देशावर आक्रमण हा दुसरा. त्यावर सोडतीआधी स्वतंत्र लवादाने निर्णय द्यावा, मतदानाने नको. आणि सुरक्षेसाठी लढत हलवली तर यजमानाचा पृष्ठभागाचा हक्क शाबूत ठेवा. नूर-सुलतानऐवजी हिरवळ असलेलं एखादं त्रयस्थ शहर निवडलं असतं आणि तिकिटांची भरपाई दिली असती, तर कुरेशी आणि अकील कदाचित आले असते.

बेसलाइन (धागाकर्ता)

दुसऱ्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. पहिल्यात ‘आक्रमण’ कोण ठरवणार, यावरच लवाद अडकेल. वंशावरून वगळणं संघाच्या यादीत आणि संघटनेच्या घटनेत दाखवता येतं, त्याला पुरावा असतो. तेवढा एकच निकष आधी लिहून घेऊया.

नेटकॉर्ड

यादीवर विसंबू नका. १९७८ ला नॅशव्हिलला अमेरिकेविरुद्ध येताना दक्षिण आफ्रिकेने संघात गोऱ्या नसलेल्या एका खेळाडूचं नाव घातलं होतं. बाहेर निदर्शनं चालूच राहिली, कारण त्या एका नावाने देशातली क्लबं आणि कोर्टं उघडली नव्हती. निकष लिहायचाच तर तो पाच जणांच्या संघाला नको, खालच्या वयोगटाच्या स्पर्धांत प्रवेश कुणाला मिळतो त्याला लावा.